पुस्तक सुचवायचे, पण कोणाला?

वर्षअखेर आली की वाचणाऱ्या माणसांमध्ये एक वाद हटकून उफाळून येतो. कोणी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी चारचौघांत मांडतो, आकडा सांगतो, त्यांतली आवडलेली दहा-पाच पुस्तके इतरांना सुचवतो; आणि लगेच दुसरा कोणी बजावतो की वाचन ही मिरवण्याची गोष्ट नव्हे, ज्याने खरोखर वाचले तो गप्प बसतो. त्यावर पहिल्या पक्षाचे उत्तरही ठरलेले असते: सांगितल्याने चार माणसांना वाचावेसे वाटते, मग त्यात बिघडले काय? एक पक्ष सांगणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवतो, दुसरा परिणामांचा हवाला देतो, आणि ज्याला सांगितले जाते तो माणूस मात्र दोघांच्याही बोलण्यात कुठेच नसतो. हा वाद इतकी वर्षे जागच्या जागी फिरत राहिला आहे तो यामुळेच, असे मला वाटते. माझे म्हणणे असे की आपण काय वाचतो, कसे वाचतो हे दुसऱ्याला सांगणे हा वाचनाचाच एक भाग आहे; परंतु पुस्तक कोणाला सुचवतो आहोत हे मनात नक्की नसेल, तर त्या सांगण्याला शिफारस म्हणता येत नाही. वाद व्हायला हवा तो या दुसऱ्या गोष्टीवर.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. वाचनाचा आकडा जाहीर होऊ लागला की तो आकडा वाचणाऱ्याच्या मानगुटीवर बसतो. नऊशे पानांचा ग्रंथ हातात घेताना मन कचरते, कारण तेवढ्या वेळात चार सडपातळ पुस्तके हातावेगळी झाली असती. एखादे पुस्तक तिसऱ्यांदा वाचण्याचे सुख यादीत कुठे लिहायचे ते कळत नाही, म्हणून तेही मागे पडते. एका पानावर पंधरा मिनिटे थबकून राहणे, पुस्तक उघडेच ठेवून खिडकीबाहेर बघत बसणे, एखादे वाक्य पटत नाही म्हणून आदल्या प्रकरणाकडे परत जाणे, हे सारे आकड्याच्या हिशेबात खर्ची पडलेला वेळ ठरते. शिवाय माणूस जे सांगणार आहे त्याच्या धोरणाने वाचू लागतो. पुस्तकाशी एकांतात बोलण्याऐवजी त्याच्याविषयी उद्या काय बोलायचे याची जुळवाजुळव पहिल्या प्रकरणापासूनच सुरू होते. हे मी इतरांत पाहिले आहे आणि स्वतःतही अनुभवले आहे.

या पक्षाला इतिहासातला मोठा साक्षीदारही मिळतो. पहिल्या शतकातला रोमन तत्त्वचिंतक सेनेका याने ल्युसिलियस या आपल्या मित्राला लिहिलेल्या दुसऱ्याच पत्रात पुष्कळ पुस्तकांच्या गर्दीने मन विखुरते असा इशारा दिला आहे. जो सतत प्रवासात असतो त्याला यजमान पुष्कळ मिळतात, मित्र मात्र मिळत नाहीत. म्हणून मोजक्या लेखकांपाशी मुक्काम करावा, असा त्याचा सल्ला आहे. वाचनाच्या याद्यांवर टीका करणाऱ्यांना हे पत्र फार प्रिय असते. परंतु त्याच पत्राचा शेवट ते सहसा सांगत नाहीत. त्या शेवटी सेनेका आपण आज काय वाचले हे ल्युसिलियसला सांगतो आणि त्यातला एक विचार त्याच्या हाती ठेवतो. तोही एपिक्युरसचा, म्हणजे सेनेकाच्या स्टोइक पंथाच्या प्रतिस्पर्ध्याचा. शत्रूच्या छावणीत आपण फितूर म्हणून जात नाही, टेहळणीसाठी जातो, असे तो वर स्पष्टीकरणही देतो. पुढे सहाव्या पत्रात तो याहून पुढे जातो: मी तुला प्रत्यक्ष पुस्तकेच पाठवीन, आणि उपयोगाचे उतारे शोधण्यात तुझा वेळ जाऊ नये म्हणून त्यांवर खुणा करून ठेवीन, असे लिहितो. कमी वाचा म्हणणारा आणि खुणा करून पुस्तके धाडणारा माणूस एकच आहे, आणि यात मला कसलीच विसंगती दिसत नाही. त्याने वाचलेले जगाला दाखवले नाही. एका माणसाला, त्याची गरज ओळखून, पानावर बोट ठेवून दाखवले.

वाचन ही मुळातच एकांताची गोष्ट आहे, हा आक्षेपाचा दुसरा आधार. तो वाटतो तितका भक्कम नाही. चौथ्या शतकात, पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखला गेलेला ऑगस्टिन मिलानमध्ये बिशप अँब्रोजकडे जात असे, तेव्हा अँब्रोजचे डोळे पानांवरून सरकत आहेत आणि जीभ मात्र स्वस्थ आहे, हे दृश्य त्याला मुद्दाम नोंदवून ठेवावेसे वाटले. प्राचीन काळी मूकवाचन किती दुर्मीळ होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्यात शिरण्याचे इथे कारण नाही. मला महत्त्वाचे वाटते ते ऑगस्टिनने केलेले तर्क. घसा लवकर बसत असल्याने आवाज जपण्यासाठी अँब्रोज मनात वाचत असेल, हा त्यांतला एक. दुसरा असा की मोठ्याने वाचले असते तर ऐकणाऱ्याने अवघड जागी थांबवून अर्थ विचारला असता, आणि मग ठरवलेले वाचून झाले नसते. म्हणजे वाचणाऱ्याच्या शेजारी एक विचारणारा असणार हे त्या काळी गृहीतच होते, आणि त्याच्यापासून थोडा वेळ सुटका हवी असणेही तितकेच स्वाभाविक होते. आपल्याला आजही या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांतल्या एकीला खरे वाचन आणि दुसरीला थिल्लरपणा ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? १८६५ मध्ये हवानातल्या सिगार कारखान्यांत कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमला, आणि हात तंबाखूची पाने वळत असताना कान पुस्तक ऐकू लागले. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. एकट्याने, मुकाट्याने वाचण्याची कोणत्या सत्तेला एवढी धास्ती वाटली असती? वाचलेले शेजाऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्याची ताकद बदलते, हे बंदी घालणाऱ्यांनी आपल्याआधी ओळखले होते.

वाचलेले दुसऱ्याला सांगण्याचे जे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते नवव्या शतकातले आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये फोटियस नावाचा विद्वान होऊन गेला. पुढे तो तिथला पॅट्रिआर्क, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुख झाला. त्याचा भाऊ तारासियस याने त्याच्याकडे एक मागणी केली होती: आपल्या गैरहजेरीत मंडळींमध्ये जी पुस्तके वाचली गेली त्यांचा सारांश मला लिहून दे. फोटियसने सुमारे २८० टिपणांचा प्रचंड ग्रंथ भावासाठी लिहिला. कोणत्या पुस्तकात काय आहे, भाषा कशी आहे, लेखक कुठे घसरतो, हे तो एकेका टिपणात सांगत जातो. इराणी दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीक लेखकाने भारताविषयी लिहिलेल्या पुस्तकाचा सारांश त्यात आहे, आणि हा लेखक अद्भुत कथा रचतो, वर आपण अगदी खरे तेच सांगतो असेही म्हणतो, असा शेराही फोटियसने मारला आहे. क्टेसियसचे ते पुस्तक पुढे नष्ट झाले. आज ते आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः या सारांशामुळे. त्या टिपणांतली आणखीही कितीतरी पुस्तके आता फक्त तिथेच उरली आहेत. ज्ञान जतन करण्याची मोठी योजना फोटियसने आखली नव्हती, तो भावाला सांगत होता. ऐकणारा कोण आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्या टिपणांना नेमकेपणा आला असावा, कारण ओळखीच्या माणसाला सांगताना पोकळ स्तुती करून भागत नाही. तो उद्या भेटणार असतो, आणि विचारणार असतो.

आता आकड्यांकडे वळतो, पण वेगळ्या बाजूने. वर्षाला चाळीस पुस्तके म्हणजे भरपूर झाली. हा वेग पन्नास वर्षे टिकला, आजारपणे, संसार, नोकरी यांनी त्यात खंड पाडला नाही, तरी आयुष्यभराची बेरीज २,००० होते. जगातल्या कोणत्याही बऱ्यापैकी ग्रंथालयाच्या एका दालनात याहून जास्त पुस्तके असतात. चारशे पानांचे पुस्तक तासाला चाळीस पानांच्या गतीने वाचले तर दहा तास लागतात. तेव्हा मी कोणाला ‘हे वाचाच’ म्हणतो तेव्हा मी त्याच्याकडे दहा तास मागत असतो, आणि त्या दोन हजारांतली एक जागा मागत असतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक ही दोन शेजारी शेजारी आहेत, आणि वाचकाचा वेळ वाचवा हे त्यांच्या लगेच पुढचे सूत्र आहे. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. वाचक आणि पुस्तक यांची जोडी नीट जुळली नाही तर वाया जातो तो वेळ, आणि तो परत मिळत नाही. वीस-पंचवीस पुस्तकांची नुसती नावे, शेजारी तारे आणि ‘अप्रतिम’ हा शेरा, एवढे सगळ्यांपुढे ठेवणारा माणूस शेकडो लोकांकडे दहा-दहा तास मागतो आणि त्याबद्दल एकही कारण देत नाही. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. त्याला पुस्तके मनापासून आवडलेली असतात. पण त्याने काम अर्ध्यावर सोडलेले असते.

मग ते काम पुरे कसे होते? मला ते एका ज्येष्ठ वाचकाने, शिकवण्याचा आव न आणता, शिकवले. आमची ओळख नवी होती. त्यांनी मला आवडती पुस्तके विचारली नाहीत. अलीकडे कोणती पुस्तके अर्धवट सोडलीत आणि साधारण कितव्या पानावर, असे विचारले. मी जरा ओशाळून तीन नावे सांगितली. त्यांनी कारणे खोदून खोदून विचारली, आणि तिन्ही पुस्तकांत निवेदक वाचकाला सतत समजावत राहतो, ते मला सोसवत नाही, हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आले. दोन-तीन आठवड्यांनी ते एक कादंबरी घेऊन आले. कापडी बांधणी, कण्यावरची अक्षरे पुसट झालेली, आणि एका पानात दुमडलेल्या कागदाची चिठ्ठी. म्हणाले, “पहिली साठ पाने सोसा. चिठ्ठी आहे तिथे ती बाई घर सोडून निघते. तोवर कंटाळलात तर तो पुस्तकाचा दोष, तुमचा नाही. त्यानंतरही कंटाळलात तर मला परत आणून द्या, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.” या चार वाक्यांत त्यांनी मला पुस्तकाची खोट सांगितली, धीर धरण्याची मुदत सांगितली, ती मुदत जिथे संपते ती जागा दाखवली आणि सोडून देण्याची मोकळीकही दिली. निवेदक समजावत नाही, हे त्यांनी सांगितलेच नाही. ते मला एकसष्टाव्या पानापुढे आपोआप कळले. शिफारस करण्याचा याहून चांगला नमुना मला अजून मिळालेला नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात पुस्तकाचे नाव, ते कोणी सुचवले, काय म्हणून सुचवले, आणि वाचून झाल्यावर त्या माणसाला मी काय कळवले, असे चार रकाने आहेत. आकडा मांडण्याची मला तिथे कधी गरज वाटली नाही. चौथा रकाना मात्र मला दर वेळी अडवतो, कारण तो भरायचा तर नीट विचार करावा लागतो. ‘आवडले’ एवढे कळवून सुचवणाऱ्याला काय मिळणार? त्याने ज्या कारणासाठी दिले तेच मला सापडले, की दुसरेच काही सापडले, हे त्याला कळले तरच त्याचे पुढचे सुचवणे अधिक नेमके होणार. देवाणघेवाण या शब्दात घेवाण का आहे, ते या रकान्यात कळते.

वाचनाच्या सवयी सांगण्याचेही असेच आहे, आणि तिथे घोटाळा अधिक होतो. रोज पहाटे उठून पन्नास पाने वाचतो, असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याला तो नियम वाटतो, आणि आपल्या तुटपुंज्या अर्ध्या तासाची लाज वाटू लागते. पण सवय जेव्हा अनुभव म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती बहुधा मोकळे करते. प्रस्तावना शेवटी वाचावी हे मला कोणीतरी असेच सहज बोलून गेले, आणि दुसऱ्याच्या मताचा चष्मा न लावता पुस्तकात शिरता येते हे मला प्रथमच उमगले. आपण हाती घेतलेली कित्येक पुस्तके पुरी करत नाही, असे एखादा जाणता वाचक चारचौघांत कबूल करतो तेव्हा किती जणांच्या मनावरचे ओझे उतरत असेल! गप्प बसणाऱ्या वाचकाकडून हे कसे मिळणार होते?

सर्वांनी एकच ते वाचण्याची भीती हा आक्षेपाचा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत बळकट भाग. १९२६ मध्ये अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब सुरू झाला, परीक्षकांचे एक मंडळ दरमहा पुस्तक निवडू लागले आणि ते टपालाने सभासदांच्या घरी जाऊ लागले, तेव्हाही अभिरुची एका साच्यात ओतली जाईल अशी ओरड झाली होती. ती निराधार नव्हती. आज हे काम यंत्रे करतात: ज्यांनी हे पुस्तक घेतले त्यांनी आणखी काय घेतले याचा मेळ घालून तुमच्यापुढे पुढची नावे मांडली जातात. त्यांचा उपयोग होतो, मी स्वतःही करून घेतो. पण या हिशेबाला माझे कालपर्यंतचे वागणे तेवढे दिसते. गेल्या महिन्यात माझ्या घरात कोणी गेले, म्हणून दुखण्याबाणण्याची गोष्ट मला आत्ता नको, हे मित्राला दिसते. ‘तुला हे पुस्तक आवडेल, पण या वर्षी वाचू नकोस’ हेही सुचवणेच आहे, आणि ते सांगायला समोरच्याची ओळख असावी लागते. उलट, मी ज्या वाटेला कधीच गेलो नसतो त्या वाटेवर मला ढकलण्याचे धाडसही मित्रच करू शकतो.

यावर उपाय म्हणून वाचकांनी मौन पाळावे, असे म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. वाचणारे गप्प बसले तर पुस्तकांविषयी बोलणे थांबणार आहे का? ज्यांना काही खपवायचे आहे ते बोलतच राहतील. मलपृष्ठावरचा मजकूर, जाहिराती, पुरस्कारांची पट्टी, खपाचे आकडे यांच्यासमोर उभे राहू शकेल असे एकच बोलणे आहे, ते म्हणजे ज्याला त्या पुस्तकातून काडीचाही लाभ नाही अशा वाचकाचे. साच्याची भीती वाटणाऱ्यांनी तर अधिक बोलले पाहिजे, आणि आपापल्या एकेका माणसाशी बोलले पाहिजे. सोव्हिएत काळात बंदी असलेले लेखन कार्बन कागद घालून टंकलिखित केले जाई आणि हातोहात फिरे; कित्येकदा एका रात्रीपुरतेच मिळे, सकाळी पुढच्याला द्यायचे असे. तिथे कोणाला द्यायचे हा प्रश्न तुरुंगाशी जोडलेला होता, त्यामुळे देणारा दहादा विचार करी. आपल्यावर तशी वेळ नाही, ती येऊही नये. पण कोणाला, हा विचार एकदा तरी करायला काय हरकत आहे?

एक अडचण मात्र उरते, आणि ती माझ्याच म्हणण्यातून निघते. शिफारस जितकी वैयक्तिक तितके तिचे ओझे जास्त. सर्वांसाठी मांडलेली यादी दुर्लक्षिता येते. मित्राने मुद्दाम आणून दिलेले पुस्तक फळीवरून रोज आपल्याकडे बघत राहते. ते वाचले गेले नाही म्हणून भेट टाळणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि परत न आलेल्या पुस्तकापायी दुरावलेली मैत्रीही पाहिली आहे. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक विनवणी लिहीत, तीत पोथीच म्हणते की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. देण्यात जोखीम आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही पोथ्या नकलल्या गेल्या आणि फिरल्या. ओझ्याचा प्रश्न पूर्णपणे सुटेल असे मला वाटत नाही. सुचवणाऱ्याने नकार आधीच मान्य करून ठेवला, जसा त्या ज्येष्ठांनी माझ्या बाबतीत केला, तर तो पुष्कळ हलका होतो. आणि मित्राला आपले लाडके पुस्तक मुळीच भावले नाही, तर तेही ऐकून घ्यावे. आपण पुस्तक ओळखत होतो, मित्राला ओळखायचे थोडे राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

१८१६ च्या ऑक्टोबरात चार्ल्स काउडन क्लार्क याच्या हाती प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांचे चॅपमनने केलेले जुने इंग्रजी भाषांतर उसने आले. त्याने आपला मित्र, तरुण कवी जॉन कीट्स याला बोलावून घेतले. क्लार्क हा कीट्सच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा. लहानपणापासून तो कीट्सला पुस्तके देत आला होता, त्याला ग्रीक येत नाही हे त्याला ठाऊक होते, आणि कोणत्या ओळीवर तो उसळेल हेही. दोघांनी रात्रभर निवडक जागा वाचल्या. पहाटे कीट्स चालत घरी गेला, आणि सकाळी दहाच्या सुमारास क्लार्क न्याहारीला आला तेव्हा टेबलावर कीट्सचे नवे सुनीत येऊन पडले होते. इंग्रजी कवितेच्या वाचकांना ते सुनीत माहीत असते. क्लार्कने अनेक दशकांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा त्यात त्या रात्रीची एक बारीकशी गोष्टही लिहिली. जहाज फुटून महाकाव्याचा नायक ओडिसियस किनाऱ्याला लागतो तो प्रसंग तो वाचून दाखवत होता, आणि समुद्र त्याच्या काळजापर्यंत भिनला होता अशा अर्थाच्या ओळीपाशी कीट्सने हरखून, डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहिले. पुस्तक क्लार्कच्या हातात होते, तरी त्याची नजर मित्राच्या चेहऱ्यावर होती.